कानोचा मेहमान आणि आपली बाजरी

रमजान जवळ आला की वाचक भगिनींची पत्रे येऊ लागतात. मागणे बहुतेकांचे एकच असते, इफ्तारसाठी काही नवे सांगा. भजी, समोसे, चण्याची चाट आणि कस्टर्ड यांना घरची मंडळी कंटाळलेली असतात. यंदा आम्ही नायजेरियाचे पदार्थ सांगणार आहोत. नाव ऐकून पान उलटू नका. यातल्या कुठल्याही पदार्थासाठी पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानात जावे लागत नाही. नगरच्या कुठल्याही किराणा दुकानात आणि भाजीबाजारात जे मिळते तेवढेच लागते. मात्र कृती सांगण्याआधी हे पदार्थ आमच्या घरी कसे आले ते सांगायला हवे, कारण त्यात आमची एक चूक आहे आणि ती लपवून पाककृती सांगणे आम्हाला बरे वाटत नाही.

मागच्या रमजानचा शेवटचा अशरा सुरू होता. पुण्यात शिकणाऱ्या आमच्या मुलाचा फोन आला. त्याच्या वर्गात नायजेरियाच्या कानो शहरातला एक मुलगा आहे. होस्टेलची मेस बंद होती आणि तो पाव-केळ्यांवर रोजे सोडत होता. “ईदला त्याला घरी आणू का?” मुलाने विचारले.

आम्ही लगेच हो म्हटले नाही. घर लहान आहे, ईदला पाहुणे येतील, त्याला आपले तिखट सोसेल का, असे काहीबाही बोललो. मुलगा शांतपणे म्हणाला, “मागच्या वर्षी काश्मीरचा मित्र आणला होता, तेव्हाही घर एवढेच होते ना?” फोनवर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग आम्ही म्हणालो, घेऊन ये.

२७ व्या रोजाला दोघे असरच्या सुमारास एसटीने आले. उंच, सावळ्याहून गडद रंगाचा, डोक्यावर नक्षीची गोल टोपी, बोलणे अगदी हळू. गल्लीच्या तोंडापासून पोरांनी पाठ धरली, “हबशी आया, हबशी आया.” ही मुले काय म्हणतात, असे त्याने आमच्या मुलाला विचारले. मुलाने सांगितले, पाहुणा आला म्हणतात. आम्ही दारातून हे ऐकले आणि मान खाली घातली. त्यातली दोन मुले आमच्याच शाळेतली होती.

हा शब्द आपल्या तोंडी दोन सुरांत येतो. बिलाल हबशी (रजि.) म्हणताना आवाज आदराने खाली येतो. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा सन ६१५ च्या सुमारास मुसलमानांची पहिली हिजरत हबशालाच झाली आणि तिथल्या नजाशीने त्यांना आसरा दिला, हे आपण मुलांना अभिमानाने शिकवतो. आपल्या नगरच्या निजामशाहीचा अखेरचा मोठा कारभारी मलिक अंबर हबशाचाच. गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे दख्खनचा सेनापती झाला, १६२४ साली नगरजवळच्या भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला, १६२६ साली त्याचा इंतकाल झाला. खुलताबादला त्याची कबर आहे. एवढे सगळे पाठ असूनही हाच शब्द गल्लीत शिवी होतो. आणखी एक गोष्ट. हबशा म्हणजे आजचा इथिओपिया, आफ्रिकेच्या पूर्व टोकाचा. नायजेरिया पश्चिमेला, हजारो किलोमीटर दूर. कानोच्या मुलाला हबशी म्हणणे म्हणजे नगरच्या माणसाला इराणी म्हणण्यासारखे आहे.

त्या संध्याकाळी पाहुण्यासाठी आम्ही कपाटातली काचेची नवी ताटली काढली. इज्जत म्हणून काढली की अंतर म्हणून, हे तेव्हा आम्ही स्वतःला विचारले नाही. त्याने खजुराने रोजा सोडला, पाणी प्याला, काचेची ताटली बाजूला सरकवली आणि मुलांच्या मोठ्या थाळीत येऊन बसला. त्यांच्याकडे भाऊ-भाऊ एकाच थाळीत खातात, असे मुलाने आम्हाला सांगितले. आमच्या घरातल्या दादी कोपऱ्यातून बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशीपासून ती काचेची ताटली कपाटातून कोणी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने विचारले, आजची इफ्तारी मी केली तर चालेल का? काय आणून देऊ, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, आधी तुमचे डबे बघू द्या. त्याने एकेक डबा उघडायला सुरुवात केली. बाजरी निघाली, तो म्हणाला “गेरो”. ज्वारी निघाली, “दावा”. पांढरी चवळी निघाली तेव्हा तो खुशीने हसलाच, “वाके!” टोपलीतली भेंडी “कुबेवा”, बरणीतली चिंच “त्सामिया”. ही त्याच्या हौसा भाषेतली नावे. अर्ध्या तासात आमचे अर्धे स्वयंपाकघर त्याच्या ओळखीचे निघाले.

यात नवल नाही, हे आम्हाला मागाहून कळले. बाजरी मुळात पश्चिम आफ्रिकेची. माणसाने पेरलेल्या बाजरीचे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे दाणे मालीमध्ये सापडले आहेत. तिथून ती फार जुन्या काळी आपल्याकडे आली आणि पाथर्डी, शेवगाव, पारनेरच्या हलक्या जमिनीत अशी रुजली की आपल्याला ती इथलीच वाटते. ज्वारी सुदानकडची. चवळी पश्चिम आफ्रिकेची आणि आजही जगात सर्वांत जास्त चवळी नायजेरियातच पिकते. चिंचेचे झाडही आफ्रिकेचे. अरबांनी तिला तमर-ए-हिंद, म्हणजे हिंदची खजूर म्हटले, म्हणून सगळ्या जगाला ती भारताची वाटते. शेतकरी वाचकांना तर आणखी एक गोष्ट आवडेल. १९८८ साली महाराष्ट्रात आलेला आयसीटीपी ८२०३ हा टपोऱ्या दाण्याचा बाजरीचा वाण पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या गावरान बियाण्यातून निवडलेला होता. त्या नावातला ‘टी’ टोगोचाच. त्यातूनच पुढे जास्त लोह असलेला ‘धनशक्ती’ हा वाण निघाला आणि तो राज्यात २०१२ साली प्रसारित झाला. टोगो आणि नायजेरिया यांच्यामध्ये फक्त बेनिन हा चिंचोळा देश आहे. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष करावे असा ठराव संयुक्त राष्ट्रांत भारताने मांडला, तेव्हा त्याच्या सहप्रस्तावक देशांत नायजेरियाही होता.

आता त्याने केलेले पदार्थ एकेक करून सांगतो. मापे आम्ही समोर बसून लिहून घेतली आणि नंतर दोन-तीनदा करून पाहिली.

पहिला पदार्थ कोसई. नायजेरियाच्या दक्षिणेकडे योरुबा लोक यालाच अकारा म्हणतात. हे चवळीचे वडे. पाच-सहा माणसांसाठी दोन वाट्या पांढरी चवळी घ्या. तासभर भिजवा, मग दोन्ही हातांनी चोळा. साले सुटून वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून द्या. चार-पाच पाण्यांत चवळी पांढरीशुभ्र होते. ती आणखी दोन तास भिजवून एक छोटा कांदा आणि दोन हिरव्या मिरच्या घालून मिक्सरमध्ये अगदी थोड्या पाण्यात बारीक वाटा. खरे काम याच्यापुढे आहे. हे पीठ एका हाताने एकाच दिशेने आठ-दहा मिनिटे फेटायचे, दहीवड्याच्या पिठासारखे. थेंबभर पीठ पाण्यात टाकून बघा. तरंगले की झाले. मीठ आणि बारीक चिरलेला कांदा तळायच्या अगदी आधी घाला. मीठ आधी घातले की पीठ बसते. मध्यम गरम तेलात चमच्याने सोडून बदामी तळा. डाळीचे पीठ नको, सोडा नको. वरून कुरकुरीत आणि आतून कापसासारखे होतात.

या वड्याला मोठा आणि दुःखाचा इतिहास आहे. गुलामांच्या जहाजांतून ज्यांना पश्चिम आफ्रिकेतून ब्राझीलला नेले, त्यांनी अकारा सोबत नेला. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात रस्त्यावर बसून बायका आजही तो विकतात, तिथे त्याचे नाव अकाराजे आहे. माणसांची नावे मालकांनी बदलली, पण वड्याचे नाव टिकले.

दुसरा पदार्थ कुनुन त्सामिया, म्हणजे बाजरी आणि चिंचेची पेज. उत्तर नायजेरियात रमजानमध्ये कोसईबरोबर ती घेतात. एक वाटी बाजरी रात्रभर भिजवा. सकाळी इंचभर आले, चार लवंगा आणि सहा मिरे घालून पाण्यात बारीक वाटा. पातळ फडक्यातून गाळा आणि तीन-चार तास तसेच ठेवा. दाट भाग खाली बसतो, वरचे पाणी ओतून द्या. लिंबाएवढी चिंच पाच वाट्या पाण्यात उकळून गाळा आणि पुन्हा खळखळ उकळी आणा. बाजरीच्या दाट पिठातला चौथा हिस्सा वेगळा काढा. उरलेले थोड्या गार पाण्यात सैल करून मोठ्या पातेल्यात घ्या आणि वरून उकळते चिंचेचे पाणी एकदम ओता, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. डोळ्यांदेखत ती घट्ट होते. मग काढून ठेवलेले पीठ त्यात मिसळा. कच्चे नको वाटले तर दोन मिनिटे गॅसवर ठेवा. साखर घाला. आम्ही आता गूळ घालतो. दिवसभराच्या रिकाम्या पोटाला ही गरम, आंबट-गोड, आल्याची पेज फार बरी वाटते.

दादींनी पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. आम्हाला वाटले, आवडली नाही. त्या म्हणाल्या, “हा तर आमच्या आईचा घाटा. चिंच नव्हती त्यात, ताक होते.” मग त्या बोलत राहिल्या. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायची कामे, सुकडी, परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी, आणि पोत्याच्या तळाशी राहिलेल्या मूठभर बाजरीचा घाटा करून सहा मुलांना पाजणारी त्यांची आई. आमच्या घरात ही गोष्ट कोणी कधी ऐकली नव्हती. पाहुण्याला भाषा कळत नव्हती. आमचा मुलगा त्याला समजावत होता. ऐकून तो म्हणाला, त्याची आजीसुद्धा अशीच आहे, ताटात एक दाणा राहिला तर ओरडते. त्यांच्याकडे बाजरीचे शिजवलेले गोळे आंबट दुधात कुस्करून खातात, त्याला फुरा दा नोनो म्हणतात. दादी म्हणाल्या, “म्हणजे ताकात कुस्करलेली भाकरीच की.”

तरावीहला तो मुलासोबत मशिदीत गेला. परत येताना मुलाचा चेहरा उतरलेला होता. पाहुणा नमाजमध्ये हात बांधत नाही, सरळ खाली सोडून उभा राहतो, हे पाहून मागच्या सफमध्ये कुजबुज झाली होती. एकाने तर थेट विचारले की हा आपल्यातला आहे ना? वाचकहो, उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेतले बहुसंख्य मुसलमान मालिकी आहेत. इमाम मालिक (रह.) मदिनेचे. त्यांच्या मजहबमध्ये हात सोडून नमाज पढण्याची रीत प्रचलित आहे. चारही मजहब हक्कावर आहेत असे आपण म्हणतो, पण दुसऱ्याची रीत पाहिली की पहिला प्रश्न त्याच्या ईमानाबद्दल करतो. आम्ही दुसऱ्या दिवशी इमामसाहेबांच्या कानावर ही गोष्ट घातली. त्यांनी नमाजनंतर दोन मिनिटांत सगळ्यांना समजावून सांगितले आणि पाहुण्याला पुढच्या सफमध्ये आपल्या मागे उभे केले.

तिसरा पदार्थ मियान कुबेवा आणि तुवोन दावा. म्हणजे भेंडीचा रस्सा आणि ज्वारीचा घट्ट गोळा. इथे आमची थोडी झटापट झाली. आपल्याकडे भेंडीची तार मोडायला लिंबू पिळतात, आमसूल घालतात, भेंडी पुसून कोरडी करतात. त्यांच्याकडे तार जितकी जास्त तितकी सुगरण मोठी. आम्ही लिंबू घेऊन पुढे झालो आणि त्याने दोन्ही हातांनी पातेले झाकले. सगळे हसले.

पाव किलो कोवळी भेंडी किसणीवर किसून घ्या. पाव किलो मटण कांदा, मीठ आणि आले घालून कुकरमध्ये शिजवून घ्या. पातेल्यात तीन चमचे शेंगदाणा तेल तापवून चिरलेला कांदा आणि दोन लाल मिरच्यांचे वाटण परता. त्यांच्याकडे लाल पामतेल वापरतात. मटण आणि त्याचे दोन वाट्या पाणी ओता, एक चमचा सुक्या जवळ्याची पूड घाला. उकळी आली की किसलेली भेंडी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून झाकण न ठेवता पाच-सात मिनिटे शिजवा. टोमॅटो नको, चिंच नको. नायजेरियात असंख्य रश्श्यांना सुक्या कोळंबीच्या जातीच्या जवळ्याची पूड लागते. आपल्या बाजारात सुक्या मासळीवाल्या मावशींकडे ती सहज मिळते. ज्यांच्या घरी कोळंबी-जवळ्याचे परहेज आहे त्यांनी तो वगळावा, चव थोडी सौम्य होते एवढेच.

तुवोसाठी दोन वाट्या ज्वारीचे पीठ आणि पाच वाट्या पाणी. अर्धी वाटी पीठ एक वाटी गार पाण्यात कालवा. बाकीचे चार वाट्या पाणी उकळा आणि त्यात हे कालवलेले पीठ ओतून पिठल्यासारखे शिजू द्या. मग उरलेले पीठ थोडे थोडे घालत लाकडी चाटूने जोराने घोटा. गुठळी राहता कामा नये. झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे वाफ द्या. ओल्या वाटीने गोळे काढा. उजव्या हाताने लहानसा तुकडा तोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा, रश्श्यात बुडवायचा आणि फारसे न चावता गिळायचे. आमच्या धाकट्या मुलीला भाकरी म्हटली की नाक मुरडायची सवय आहे. तुवोचे तिने तीन गोळे संपवले. ही ज्वारीच आहे, असे सांगितले तर म्हणाली, “मग रोज अशीच करत जा ना.”

चौथा पदार्थ ईदचा. ईदच्या दिवशी सकाळी शीरखुर्मा आमचा आणि दुपारचा भात त्याचा, असे ठरले. जोलोफ भात पश्चिम आफ्रिकेत घरोघरी होतो. नाव सेनेगलच्या जुन्या जोलोफ राज्यावरून आले. नायजेरिया आणि घाना या दोन देशांत कोणाचा जोलोफ चांगला यावरून कायम थट्टामस्करी चालते, जशी आपल्याकडे हैदराबाद आणि लखनौच्या बिर्याणीवरून चालते.

सहा माणसांसाठी अर्धा किलो सेला तांदूळ घ्या, बिर्याणीवाले वापरतात तोच. साधा कोलम घेतला तर लगदा होतो. चार टोमॅटो, दोन लाल ढोबळी मिरच्या, एक कांदा आणि तीन तिखट लाल मिरच्या एकत्र वाटून घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी तेल तापवून दोन कांदे उभे चिरून परता. तीन चमचे टोमॅटोची घट्ट पेस्ट घालून रंग गडद होईपर्यंत पाच मिनिटे परता. आता वाटण घाला आणि तेल सुटेपर्यंत वीस मिनिटे आटवा. इथे घाई केली तर भात आंबट आणि कच्चा लागतो. मग दोन तमालपत्रे, एक चमचा करी पावडर, मीठ आणि तीन वाट्या मटणाचे पाणी घाला. त्यांच्याकडे थाइम नावाची सुकी पाने घालतात. ती नसली तर दोन चिमटी ओवा चुरडून घाला. दोन्हींत थायमॉल हे एकच सुगंधी द्रव्य असते, त्यामुळे वास जवळचा येतो. धुतलेला तांदूळ घाला. पाणी तांदळाच्या बरोबरीने असावे, वर नको. लागलेच तर नंतर थोडे गरम पाणी शिंपडा. पातेल्याचे तोंड दमसाठी लावतो तसे कणकेने किंवा फॉइलने बंद करून अगदी मंद आचेवर अर्धा तास ठेवा. मध्ये एकदाच हलक्या हाताने वरखाली करा. शेवटची तीन-चार मिनिटे आच थोडी वाढवून तळ किंचित लागू द्या. तो धुरकट वास हीच लग्नाकार्यातल्या जोलोफची खूण मानतात.

गरम मसाल्याचा डबा आम्ही दोनदा हातात घेतला आणि दोन्ही वेळा त्याने नम्रपणे परत ठेवायला लावला. करी पावडर मात्र हवीच म्हणाला. हिंदुस्थानी मसाल्यांची ही पूड इंग्रजांनी बनवली आणि जगभर नेली. आम्ही ती घरात कधी आणली नव्हती. त्या दिवशी प्रथमच झेंडीगेटच्या दुकानातून विकत आणली, नायजेरियाच्या पदार्थासाठी.

सोबत प्यायला झोबो केला होता. लाल अंबाडीची सुकी बोंडे मूठभर, पाच पेले पाणी, आल्याचा तुकडा आणि चार लवंगा दहा मिनिटे उकळायचे, गाळायचे, साखर घालून माठातल्या पाण्यासारखे गार करायचे. गडद लाल, आंबट शरबत होते. आपण अंबाडीची पाने भाजीला घेतो आणि बोंडे बहुधा वाया जातात. पुढच्या हिवाळ्यात ती सुकवून ठेवा.

ईदच्या संध्याकाळी गल्लीतली तीच पोरे ईदी मागायला आली. पाहुण्याने प्रत्येकाला दहा-दहाची नोट दिली आणि एकेकाला कोसई. त्यांतल्या एकाने विचारले, “अंकल, तुमच्या इकडे शाळेला काय म्हणतात?” तो म्हणाला, “मकरांता.” आणि सरांना? “मालम.” आम्हाला आमच्या उर्दूच्या तासाची आठवण झाली. मालम म्हणजे मुअल्लिम. हौसात जगाला दुनियाच म्हणतात, बरकतला अल्बर्का, खबरीला लाबारी, सदक्याला सदका. आमच्या मुलांनी वहीत यादीच केली. सुट्टीनंतर ती शाळेच्या फळ्यावर लागली.

जाण्याच्या आदल्या रात्री तो गच्चीवर बसला होता. आमच्या मुलाने नंतर सांगितले की पहिल्या दिवशी गल्लीत काय ओरडत होते ते त्याला कळले होते. अर्थ नाही, पण सूर कळला होता. पुण्यात खोली शोधताना त्याने तो सूर बरेचदा ऐकला होता. फोनवर खोली रिकामी असते आणि दार उघडल्यावर ती कालच गेलेली असते. त्यातली काही दारे आपल्याच लोकांची होती, असे तो म्हणाला. नाव वाचून आपल्याला खोली नाकारली जाते तेव्हा आपण किती चिडतो, हे आम्हाला आठवले. शहरांत मुस्लिम नावाला घर मिळत नाही, यावर आपल्या मासिकात कितीदा लिहून आले आहे. चेहरा बघून नाही म्हणणारे आपणही असू शकतो, हे मात्र आम्ही कधी लिहिले नव्हते. आमचा फोनवरचा “घर लहान आहे” हा तोच सूर होता. फरक इतकाच की आमच्या मुलाने आम्हाला टोकले आणि त्या दारांत टोकणारे कोणी नव्हते.

आम्ही त्याची माफी मागितली. कशासाठी, असे त्याने विचारले. आम्ही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “आज तुमच्या दादी मला चार भाकऱ्या बांधून देणार आहेत, ते तुम्हाला माहीत आहे का?” त्यांनी खरेच बांधल्या होत्या, बाजरीच्या, तीळ लावून, सोबत शेंगदाण्याची चटणी.

सूरह हुजुरातची तेरावी आयत आपण जलशांत ऐकतो, मुलांना शिकवतो. कौमा आणि कबिले कशासाठी आहेत हे तिच्यात सांगितले आहे, ओळख व्हावी म्हणून. ओळख भाषणाने फार थोडी होते. एका थाळीत हात घातला की लवकर होते, एवढे आम्ही या चार दिवसांत पाहिले. पुणे, छत्रपती संभाजीनगर, मुंबईत आफ्रिकेतल्या देशांची मुले शिकायला येतात. तुमच्या मुलाच्या, भाच्याच्या वर्गात असा कोणी असेल तर यंदा त्याला एका इफ्तारला बोलवा. तुमचे डबे त्याला उघडून दाखवा. तो काय करतो ते बघा आणि आम्हालाही लिहून पाठवा. आणि गल्लीतल्या पोरांना आधीच सांगून ठेवा, मेहमान येणार आहे.

आमच्याकडे यंदा तो पहिल्या अशऱ्यातच येणार आहे. दादींनी चवळी निवडून ठेवली आहे.